सासूबाईंमार्फत नेमबाजी

माझे सासरे मला बंदूक चालवायला शिकवत होते, त्या दिवसांत आमचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. भांडण वगैरे काही झालेलं नव्हतं. रीतच तशी होती.

डोणगावच्या त्या घरात सून सासऱ्यांशी बोलत नसे आणि सासरेही सुनेशी बोलत नसत. ते समोर आले की डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढायचा, मान खाली घालायची आणि ते पुढे निघून जाईपर्यंत खांबासारखं उभं राहायचं. काही सांगायचं असेल तर सासूबाईंना सांगायचं, त्या त्यांना सांगणार. तिकडचा निरोपही त्याच वाटेने यायचा. तिघंही एकाच खोलीत असलो तरी वाट बदलायची नाही. सासरे पाटावर जेवत असायचे, मी चुलीपाशी भाकरी थापत असायची, मध्ये फार तर दोन हातांचं अंतर. ते सासूबाईंना म्हणायचे, "तिले सांग, वांग्यात मीठ कमी हाय." सासूबाई माझ्याकडे मान वळवून म्हणायच्या, "मीठ कमी हाय म्हणतात." मला जणू कानच नव्हते.

मी मूळची संग्रामपूरकडची. सातपुड्याच्या पायथ्याशी आमचा भाजीपाल्याचा मळा, आणि घरात सगळी माणसं एकाच वेळी बोलणारी. आमच्याकडे कुणी घटकाभर गप्प बसलं तर त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघत. त्यात मी नाकाच्या शेंड्यावर राग असलेली. अशी मी लग्न करून डोणगावात आले आणि न बोललेली वाक्यं गिळून गिळूनच माझं पोट भरायला लागलं. सासरे वाईट नव्हते, हे मुद्दाम सांगते. माणूस शांत, शब्दाचा पक्का. पण ते कसे आहेत हे मला सगळं सासूबाईंकडूनच कळायचं, आणि सासूबाईंचं त्यांच्याबद्दलचं मत दर आठवड्याला बदलत असे. मी त्यांना हाक मारली असती तर मामाजी म्हटलं असतं. लग्नाला चार-पाच वर्षं झाली, पदरात एक लेक आली, तरी तशी हाक मारायची वेळ आली नव्हती.

तर बंदुकीचं असं झालं. सासऱ्यांनी तरुणपणी काही वर्षं पलटणीत काढली होती. पुढे घरची धान्याची आडत सांभाळायला ते परत आले, पण पलटण काही अंगातून गेली नव्हती. अंथरुणाची घडी ते अजून चौकोनी घालायचे. चीनच्या लढाईनंतर बंदूक चालवता येणं ही देशसेवाच समजली जाऊ लागली आणि जिल्ह्याच्या गावी एक रायफल क्लब निघाला. महाराष्ट्र होऊन दहाएक वर्षं झाली असतील तेव्हा त्या क्लबाने छर्ऱ्याच्या बंदुका आणल्या. खोलीतल्या खोलीत, दहा मीटरवरून, पोस्टकार्डाएवढ्या कागदावरच्या काळ्या ठिपक्यावर नेम धरायचा, अशी त्याची स्पर्धा. गावातल्या लोकांना ते चिमण्या मारायचं खेळणं वाटलं. सासऱ्यांना मात्र त्याचं वेड लागलं. गावातून एखादा तरी नेमबाज तयार करतो असं सांगून ते एक बंदूक लाकडी पेटीत घालून घरी घेऊन आले.

आमच्या दुकानामागे धान्याचं गोदाम होतं. हंगाम सरला की ते जवळजवळ रिकामं व्हायचं, दोन-चार थप्प्या काय त्या उरायच्या. मागच्या भिंतीपाशी त्यांनी सरकीने भरलेलं पोतं उभं केलं, त्याच्यापुढे पत्रा, पत्र्यापुढे लाकडी चौकट आणि चौकटीत कागदाचं कार्ड. दहा मीटर मोजून जमिनीवर चुन्याची रेघ मारली. आणि पहिला शिष्य म्हणून माझ्या नवऱ्याला उभं केलं. माझा नवरा फार चांगला माणूस आहे, पण घोडा दाबताना तो म्हणे दोन्ही डोळे मिटून घ्यायचा. आठवडाभराने सासरे जेवताना म्हणाले, "छर्रा पत्र्यालेही लागून नाही राह्यला." त्यानंतर ती पेटी गोदामातल्या टेबलावर नुसतीच पडून राहिली.

एका दुपारी लेक झोपलेली, सासूबाई शेजारी गेलेल्या, सासरे दुकानात. मी पायलीभर ज्वारी काढायला गोदामात गेले. पेटी उघडीच होती. नळी खाली वाकवून छर्रा कसा भरायचा हे मी खिडकीतून येता-जाता पाहिलं होतं. हात शिवशिवायला लागले. माहेरी ज्वारीच्या पाखरांवर गोफण चालवून मी मोठी झालेली, त्यामुळे नेम म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको होतं. बंदूक उचलली तर भलतीच जड. रेघेच्या डाव्या हाताला तुरीच्या पोत्यांची थप्पी होती, छातीएवढी उंच. तिच्यावर मी आरामात कोपर टेकवलं, माहेरी पाखरं राखायच्या माळ्याच्या बल्लीवर टेकवायची तसं, आणि नळीच्या टोकावरची माशी त्या काळ्या ठिपक्याखाली आणून घोडा दाबला. कार्डामागचा पत्रा टण्ण वाजला. तो आवाज मला इतका आवडला की ज्वारी राहिली बाजूला आणि मी मूठभर छर्रे संपवून टाकले.

बंदूक जागेवर ठेवली, पेटी होती तशी उघडी ठेवली, पण कार्ड काढायचं काही सुचलं नाही.

संध्याकाळी सासरे ते कार्ड हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले. मी पदर ओढला आणि भाकरीवरची नजर काढली नाही. ते सासूबाईंना म्हणाले, "हे कोणं मारलं?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड पाहूनच त्यांना कळलं. "सुनेनं," त्या म्हणाल्या. "आता काय करता?"

माझी भाकरी करपली. मग सासरे म्हणाले, "तिले सांग, उद्या दुपारी पुन्हा मारून दाखव म्हणा."

दुसऱ्या दिवशी तिघंही गोदामात जमलो आणि अडचण लगेच लक्षात आली. सासरे समोर म्हणजे पदर डोक्यावर हवा. पदर डोक्यावर घेऊन बंदुकीच्या दस्त्याला गाल लावला की तो घसरून डोळ्यावर यायचा. मी पदराचा काठ दातांत धरून पाहिला, तर दातओठ खाऊन कुणाचा खून करायला निघाल्यासारखी दिसायला लागले. सासूबाई तर स्पष्टच म्हणाल्या, "हे काही बरं नाही दिसत." सासरे विचार करत उभे राहिले. मग त्यांनी जो तोडगा काढला तो मला आजही मोठा अकलेचा वाटतो, आणि त्याच तोडग्याने पुढे आमचा घात केला. गोदामात मागच्या बाजूला पोत्यांची दुसरी उंच थप्पी होती. सासरे तिच्या आड जाऊन उभे राहिले, तेही पाठ करून. आता ते मला पाहत नव्हते, मी त्यांना पाहत नव्हते, पदर खांद्यावर घ्यायला कुणाची हरकत नव्हती. मधोमध सासूबाई सुपात डाळ घेऊन बसल्या.

अशी माझी शिकवणी सुरू झाली. पोत्यांच्या आडून आवाज यायचा, "तिले सांग, अर्धा श्वास सोड अन् मंग थांब."

सासूबाई डाळीतला खडा काढत सांगायच्या, "अर्धा श्वास सोड म्हणतात. उरलेल्या अर्ध्याचं काय करायचं ते त्यांनाच ठाऊक."

"तिले सांग, घोडा हिसकू नको. हळू हळू दाब."

"हळू दाब. गाय पिळतं तसं. माह्यं म्हणणं हाय हे, त्यांचं नाही."

माझ्याकडचे निरोपही जाताना वाटेत बदलायचे. एकदा एकामागून एक छर्रे डावीकडेच जायला लागले, तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "आत्याबाई, मामाजींले सांगा, बंदुकीतच दोष हाय." सासूबाईंनी पोत्यांच्या दिशेने आवाज चढवला, "ते म्हणते, नाचता येईना अंगण वाकडं." पोत्यांमागून सासरे हसले. त्यांचं हसणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मग म्हणाले, "तिले सांग, माशी तपासतो." आणि खरंच माशी एका बाजूला सरकलेली निघाली, तेव्हा मी सासूबाईंकडे असं काही पाहिलं की त्या दिवशी डाळ जरा लवकरच निवडून झाली.

ते तपासायचे मात्र सगळं. दर वेळी विचारायचे, "सरळ उभी हाय काय?" सासूबाई माझ्याकडे पाहून सांगायच्या, "उभी हाय. बसली थोडीच." "पाय घट्ट हायेत?" "हायेत." "हालून तर नाही राह्यली?" "तसूभर नाही." यातलं एकही उत्तर खोटं नव्हतं. मी उभीच होते, पाय घट्ट होते आणि मी हलत नव्हते, कारण माझं डावं कोपर पहिल्या दिवसापासून तुरीच्या थप्पीवर टेकलेलं होतं. मला वाटायचं थप्पी त्यासाठीच ठेवली आहे. सासूबाईंनाही तसंच वाटायचं. नवऱ्याला सासरे समोर उभं राहून शिकवायचे, तेव्हा खिडकीतून येता-जाता मला छर्रा भरण्यापुरतंच दिसायचं, त्यामुळे नेम धरताना तो कसा उभा राहायचा ते मी कधी पाहिलं नव्हतं. आणि सासऱ्यांना वाटायचं, उभं राहून मारायचं म्हणजे उभं राहून मारायचं, त्यात सांगण्यासारखं काय आहे.

शेवटी मी पदर घेऊन बाजूला झाले की ते बाहेर येऊन कार्ड काढायचे, उजेडात धरून भोकं मोजायचे आणि म्हणायचे, "बरं हाय." सासूबाई मला म्हणायच्या, "बरं हाय म्हणतात. चढून नको जाऊ." पुढे पुढे भोकं एकात एक पडायला लागली तेव्हा त्यांनी एक कार्ड दुकानात गल्ल्याच्या वर टाचून ठेवलं. आलेल्या गिऱ्हाइकाला ते काय सांगायचे ते मला माहीत नाही. पण एक कुणबीण बाई मला विहिरीवर म्हणाली, "तूच काय व थे बंदूकवाली?"

मला ती दुपारची घटका फार आवडायला लागली होती. कशासाठी, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं, आज सांगते. त्या घरात माझे हात दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या पोटासाठी चालायचे. गोदामात ते माझ्यासाठी चालायचे. आणि मी केलेलं काम कुणीतरी उजेडात धरून निरखून पाहायचं. भाकरी कुणी उजेडात धरून पाहत नाही.

पण गावात बोलणं सुरू झालंच. एका हळदीकुंकवाला कुणीतरी सासूबाईंना विचारलं, "सुनेले दरोड्याले पाठवता काय हो?" सगळ्या बाया हसल्या. सासूबाई घरी आल्या त्या तरातरा चालत, कुंकवाचा करंडा फडताळात आपटला आणि आम्हा दोघांना गोदामात बोलावून घेतलं. सासरे पोत्यांमागे, मी पुढे.

"दोघंही ऐका," त्या म्हणाल्या. "तुमाले मजा हाय, बोलणी मले खा लागतात. अकोल्याले ते स्पर्धा हाय म्हणता नं? एक डाव जाऊन या. पहिल्या तिघींत आली, तर म्या कोणाले काही बोलू देणार नाही. नाही आली, तर बंदूक तिथूनच क्लबाले वापस. अन् मंग पुन्हा नाव काढायचं नाही."

पोत्यांमागून आवाज आला, "तिले विचार, कबूल हाय काय."

"कबूल हाय म्हणावं," मी म्हटलं. मला पूर्ण खात्री होती. एकात एक पडणारी भोकं मी रोज पाहत होते.

"कबूल म्हणते. तुमचं काय?"

"कबूल," सासरे म्हणाले. आडतीच्या धंद्यात नुसत्या तोंडी शब्दावर गाड्याच्या गाड्या माल उचलला जातो. त्यांनी कबूल म्हटलं म्हणजे ते दगडावर कोरलं गेलं, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

नवऱ्याकडे लेक आणि दुकान सोपवून आम्ही तिघं सकाळच्या एस.टी.ने अकोल्याला निघालो. सासरे पुढच्या बाकावर, बंदुकीची पेटी मांडीवर. मी आणि सासूबाई मागे. कंडक्टरने पेटीकडे पाहून विचारलं, "कुठं भजन हाय बुवा?" सासऱ्यांनी उत्तर दिलं नाही. सासूबाईंनी दिलं, "भजन नाही, नेमबाजी. अन् नेम सुनेचा हाय." दोन दिवसांपूर्वी याच बाई दरोड्यावरून करंडा आपटत होत्या. आता सगळी गाडी मागे वळून माझ्याकडे बघायला लागली आणि मी पदरात तोंड लपवून मनातल्या मनात फुगले.

स्पर्धा एका कॉलेजच्या हॉलमध्ये होती. खिडक्यांना पडदे, समोर रांगेने कार्डं, त्यांच्यावर दिवे. बायकांच्या गटात आम्ही चौघीच होतो. अमरावतीची एक कॉलेजातली मुलगी सलवार-कमीज घालून आली होती, एक डॉक्टरीणबाई होत्या, एक पोलीस खात्यातल्या साहेबांची लेक होती. आणि मी, हिरव्या काठाचं गोल पातळ नेसलेली, डोक्यावर पदर. चौघींतून तिघी म्हणजे एकीला मागे टाकलं की झालं. मला तर पहिलाच नंबर दिसत होता.

मी माझ्या जागेवर गेले. जमिनीवर रेघ होती. बाजूला छर्रे ठेवायला एक बुटकं टेबल होतं, माझ्या गुडघ्याच्या थोडं वर. आणि बाकी नुसती फरशी.

मी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग तिथल्या पंचांना हळूच विचारलं, "टेकायचं कुठं?"

"काय टेकायचं?"

"कोपर."

त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, उभं राहून नेम धरायचा असतो. कशालाही टेकायचं नाही. टेकलं तर बाद."

शेजारी ती अमरावतीची मुलगी बंदूक उचलून उभी होती, आजूबाजूला काही नाही, हवेत. मी तशी उभी राहायचा प्रयत्न केला. बंदुकीची नळी वाऱ्यावरच्या कणसासारखी डोलायला लागली. त्यात हॉलच्या एका कडेला पुरुषांच्या खुर्च्यांत सासरे बसलेले, तेव्हा पदरही डोक्यावर. तो डोळ्यावर आला, मी मानेने मागे झटकला, पुन्हा आला. पहिला छर्रा कार्डाच्या पांढऱ्या भागात गेला. दुसरा कार्डातच गेला नाही. त्यानंतरचे कुठे कुठे गेले ते विचारू नका.

आणि मला इतका राग आला म्हणून सांगू. सगळ्यात जास्त सासऱ्यांचा. घरात प्रत्येक गोष्टीला नियम आणि नेमका हा एकच नियम सांगितला नाही. मी पदराच्या फटीतून त्यांच्याकडे पाहिलं. ते खुर्चीतून अर्धे उठले होते. मला बंदूक चालवताना ते आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते, आणि काय झालं आहे ते त्यांना बघता क्षणी कळलं होतं. चेहरा पार उतरला होता.

पहिल्या दहा छर्ऱ्यांनंतर कार्डं बदलायला थोडा वेळ देत. सासरे उठून नेमबाजांच्या मागे बांधलेल्या दोरीपाशी आले. नेहमीप्रमाणे त्यांनी सासूबाईंना शोधलं. सासूबाई हॉलच्या दुसऱ्या टोकाला, बायकांच्या बाकावर. तिथूनच त्या म्हणाल्या, "काय सांगू तिले?" त्या शांत हॉलमध्ये त्यांचा आवाज असा घुमला की सगळे पंच एकदम वळले. एकाने ओठांवर बोट ठेवलं, दुसऱ्याने त्यांना जागेवरच बसायची खूण केली. मग तो सासऱ्यांना म्हणाला, "तुम्ही कोच ना? काय बोलायचं ते तुम्हीच लवकर बोला."

सासरे माझ्यापासून दोन हातांवर उभे होते. मी पदर ओढून, मान खाली घालून.

"पोरी," ते म्हणाले.

मी दचकलेच. माझ्याशीच बोलत होते.

"चूक माही हाय. म्या कधी पाह्यलंच नाही तुले." त्यांनी आपलाच डावा हात कमरेवर ठेवून दाखवला. "आता ऐक. थप्पी सोड. कमरेवर कळशी घेऊन कशी उभी राह्यतं तू? तशी राह्य. कमरेच्या हाडावर कोपर ठेव, अंग जरासं मागं जाऊ दे. अन् तो पदर खाली घे."

मी हलले नाही. ते समोर असताना पदर खाली घ्यायचा म्हणजे काय, हे ज्यांना माहीत आहे त्यांनाच कळेल.

"घे खाली," ते म्हणाले. "मले पाहू दे तू कशी मारतं ते. पाठ करून चुकलो म्या."

मी पदर डोक्यावरून काढला, खांद्यावरून पुढे ओढून कमरेला खोचला. मला रडू येत होतं, पण रडताना माशी दिसत नाही, म्हणून आवरलं. कळशी कमरेवर घेतल्यासारखी उभी राहिले. नळी डोलायची थांबली नाही, पण तिचं डोलणं लहान झालं. अर्धा श्वास सोडला. काळा ठिपका आला, गेला, आला, आणि मी घोडा दाबला. छर्रा काळ्यात लागला. मागून सासऱ्यांचा आवाज आला, अगदी हळू, "बरं हाय." पहिल्यांदाच ते दोन शब्द वाटेत काही न मिसळता माझ्यापर्यंत पोचले.

उरलेल्या कार्डांवर मी कधी काळ्यात, कधी पांढऱ्यात अशी मारत गेले. शेवटचं कार्ड तर डॉक्टरीणबाईंच्या तोडीचं झालं, असं पंचांनीच सांगितलं. पण पहिल्या कार्डावरचं नुकसान काही भरून निघालं नाही. बेरजा झाल्या, नावं वाचली. चौघींत मी चौथी आले.

परतीच्या गाडीला अवकाश होता. एस.टी. स्टँडवर आम्ही तिघं बाकावर बसलो, मध्ये पेटी. पदर पुन्हा डोक्यावर. सासूबाई शेंगदाणे खात होत्या आणि चौथ्या नंबराबद्दल एक अक्षरही बोलत नव्हत्या, ते मला जास्त लागत होतं. घरी गेल्यावर गोदामात पुन्हा नुसती पायली घेऊन जायचं, एवढाच विचार माझ्या डोक्यात फिरत होता. तेवढ्यात क्लबाचे चिटणीस आले. त्यांची बुलढाण्याची गाडी आधी लागणार होती. सासरे उठले, पेटी उचलली आणि त्यांच्या हातात दिली. चिटणिसांना काही कळेना. "परत काऊन देता? आत्ता तर सुरुवात झाली," ते म्हणाले. सासरे एवढंच म्हणाले, "शब्द देल्ला होता घरी."

चिटणीस पेटी घेऊन वळले. सासऱ्यांची पाठ माझ्याकडे होती. सवयीप्रमाणे मी सासूबाईंकडे तोंड वळवलं, निरोप द्यायला. त्या शेंगदाण्याचं फोलपट फुंकत होत्या, माझ्याकडे बघतच नव्हत्या. आणि चिटणीस तर चालायला लागले होते.

"मामाजी," मी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला. "बंदूक देऊ नका. मले शिकायचं हाय."

सासरे वळले. आजूबाजूला माणसं, हमाल, पोरं, गाड्यांचा गोंगाट, आणि मी त्यांच्याकडे सरळ बघत उभी. मग शब्दाचा पक्का माणूस तो, त्यांनी हळूच सासूबाईंकडे पाहिलं.

सासूबाईंनी शेवटचा शेंगदाणा तोंडात टाकला, हात झटकले.

"माह्याकडं काय पाहता?" त्या म्हणाल्या. "तिनं तुमाले सांगतलं, मले नाही."

सासरे जवळजवळ धावतच गेले आणि चिटणिसांच्या हातातली पेटी परत घेऊन आले. गाडी लागली तेव्हा सासूबाईंनी खिडकीची जागा धरली आणि पातूर यायच्या आत त्या झोपून गेल्या. सासरे पुढच्या बाकावरून मागे वळून बसले होते. डोणगाव येईपर्यंत आम्ही दोघं बोलत होतो.